चित्राखालची ओळ

सुरतेत कतारगामच्या वाटेवर इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. तीत सर जॉर्ज ऑक्झेंडन याची घुमटांची भव्य समाधी उभी आहे. १६६४ साली शिवाजीमहाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा मुख्य हाच होता. माझ्या वर्गातील मुलांना मी तेथे नेतो. पण मुलांचे प्रश्न पुष्कळदा ह्या समाधीविषयी नसतात. ज्या थडग्यांवर आता अक्षर उरलेले नाही, त्यांच्यापाशी थांबून ती विचारतात, "सर, हा कोण?" लष्करी विमानांची जुनी छायाचित्रे पाहताना मला नेमका हाच प्रश्न पडतो.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलात जे मोजके हिंदी वैमानिक लढले, त्यांत मुंबईचा श्रीकृष्ण चंद्र वेलिंकर हा एक होता. तो २३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये 'सॉपविथ डॉल्फिन' जातीचे विमान चालवीत असे. १९१८ च्या जून महिन्याच्या २७ तारखेला तो उड्डाण करून गेला, तो परतला नाही. स्क्वॉड्रनच्या दृष्टीने तो 'बेपत्ता' झाला. वस्तुतः तो जखमी होऊन जर्मनांच्या हाती पडला होता आणि ३० जूनला त्याने प्राण सोडला. शत्रूने त्याला रीतीप्रमाणे पुरले. परंतु त्या अपरिचित आडनावाची अक्षरे लिहिताना बदलली, आणि पुढे युद्ध संपल्यावरही काही काळ त्याची कबर त्याची म्हणून ओळखता आली नाही. अखेरीस कागदाशी कागद ताडून पाहिल्यावर ती ओळखली गेली. आज फ्रान्समध्ये हांगार येथील युद्धस्मशानात त्याच्या नावाचा दगड आहे. मुलाच्या कबरीचा पत्ता लागतो की नाही, हे एका आडनावाच्या अक्षरांवर अवलंबून राहावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी नाही काय?

म्हणूनच ह्या दलांत नोंदींना मोठे महत्त्व असते. ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक स्क्वॉड्रनची एक कार्यनोंदवही असे. कोणते विमान, कोणता वैमानिक, केव्हा उडाला, केव्हा उतरला, हे सर्व तीत लिहिले जाई. छायाचित्र मात्र मुके असते. त्याला बोलते करावयाचे तर ही वही शेजारी उघडून बसावे लागते.

चित्रही आपल्या परीने साक्ष देते. डॉल्फिनचा वरचा पंख खालच्या पंखाच्या किंचित मागे असे. तेवढ्या खुणेवरून ते ओळखता येते. जपानशी युद्ध चालू असताना पूर्वेकडील विमानांवरील वर्तुळचिन्हातून मधला तांबडा ठिपका काढून टाकण्यात आला, कारण जपानी सूर्याशी त्याची गल्लत होई. तेव्हा ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील चित्रात तो ठिपका आहे की नाही, ह्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. नावांचेही तसेच. आपल्या हवाई दलास 'रॉयल' ही उपाधी १९४५ साली मिळाली आणि १९५० साली प्रजासत्ताकाबरोबर ती गेली. मुंबईच्या युद्धदेणगी निधीने १९४१ साली पहिल्या स्क्वॉड्रनला बारा 'लायसँडर' विमाने दिली. त्यांच्या त्या वेळच्या चित्राखाली 'रॉयल' हा शब्द लिहिला, तर ती ओळ खोटी ठरेल.

ह्याच पहिल्या स्क्वॉड्रनचा जन्म १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे झाला. चार 'वापिटी' विमाने, सहा अधिकारी आणि एकोणीस 'हवाई सिपाई' एवढाच तिचा संसार होता. सुब्रोतो मुखर्जी हे त्या सहांपैकी एक; पुढे ते हवाई दलाचे पहिले हिंदी प्रमुख झाले. त्या सहांची नावे सहज सापडतात. पण विमानाची चाके, तारा आणि यंत्र ज्यांच्या हातांनी नीट राहत, त्या एकोणीस जणांची नावे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील?

दुसऱ्याला दोष देण्यापूर्वी स्वतःचा सांगतो. कित्येक वर्षांपूर्वी एका शाळेच्या समूहचित्राखालची ओळ मी लिहिली. शिक्षकांची नावे पदव्यांसह घातली आणि टोकाला उभ्या असलेल्या गृहस्थांच्या जागी नुसते 'शिपाई' असे लिहिले. ते वारल्यावर त्यांचा मुलगा ते चित्र पाहावयास आला. त्याने बोट ठेवून ओळ वाचली, मान हलविली आणि काही न बोलता निघून गेला. त्या दिवशी मला माझ्या अक्षराची लाज वाटली.

आपल्याही घरी भिंतीवर वा पेटीत एखादे गणवेशातले चित्र असेल. आज सायंकाळी ते उतरवा. मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव, तुकडी आणि साल लिहा. जे तर्काने लिहाल, त्यापुढे 'बहुधा' हा शब्द घाला. जे ठाऊक नाही, ती जागा कोरी ठेवा. कोरी जागा पुढे कोणी तरी भरील. खोटी ओळ मात्र पिढ्यान्‌पिढ्या खरी म्हणून वाचली जाईल.