मतदान यंत्र, इलेक्ट्रॉनीय

मते नोंदविणारे व मोजणारे यंत्र. याचे नियंत्रण एकक व मतदान एकक हे दोन भाग तारेने जोडलेले असतात. अधिकाऱ्याने कळ दाबताच मतदान एककावरील हिरवा दिवा लागतो. मतदाराने उमेदवारापुढील निळी कळ दाबली की शेजारचा तांबडा दिवा लागून दीर्घ ध्वनी होतो. दिव्यांचा हा क्रम व एका मतदाराचे एकच मत ही मर्यादा सूक्ष्मनियंत्रकातील (संस्कारक व स्मृती एकत्र असलेल्या संकलित मंडलातील) आज्ञावली ठरविते. भारत निवडणूक आयोगानुसार ती एकदाच भरली जाते व पुढे बदलता येत नाही.

१९८२ मध्ये केरळातील परवूर येथे हे यंत्र प्रथम वापरले गेले. तथापि कायद्यात तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते मतदान रद्द ठरविले. ही तरतूद १९८९ मध्ये अंमलात आली. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत उस्मानाबादसह सर्व ५४३ मतदारसंघांत यंत्रे वापरण्यात आली. त्यामुळे चुकीच्या शिक्क्याने मतपत्रिका बाद होणे थांबले. परंतु दिवा लागला तरी आत कोणते मत नोंदले गेले हे मतदारास दिसत नसे. यासाठी २०१३ पासून कागदी चिठ्ठीची जोड देण्यात आली. ती सात सेकंद दिसते. २०१९ मध्ये ही सोय सर्व मतदारसंघांत झाली.