घरोटावरची आठ अक्षरे

इतिहासाचार्य राजवाड्यांच्या निधनानंतर १९२७ साली धुळ्यास जे संशोधन मंडळ स्थापन झाले, त्याने जुनी दप्तरे व कागदपत्रे जिवापाड जतन केली. परंतु त्याच खानदेशात पहाटेच्या काळोखात घरोट, म्हणजे जाते, ओढता ओढता बायांनी पिढ्यान्‌पिढ्या रचलेल्या गाण्यांची बारनिशी कोणत्याही कचेरीत कधी झाली नाही. ती टिकली केवळ छंदाच्या बळावर. आणि हे बळ कशात असते, याचा उत्तम दाखला म्हणजे बहिणाबाई चौधरींची रचना.

२४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावनजीक असोद्यास जन्मलेल्या, तेराव्या वर्षी जळगावी सासरी आलेल्या आणि तिसाव्या वर्षी वैधव्य प्राप्त झालेल्या या निरक्षर शेतकरी स्त्रीने लेवा गणबोलीत जी गाणी रचली, ती पुत्र सोपानदेव व त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी लिहून घेतली, हे मराठीचे भाग्य होय.

त्यांतील पुष्कळ गाणी अष्टाक्षरी आहेत: लघुगुरूचा विधिनिषेध नाही, आठ-आठ अक्षरांचे चार चरण, दुसऱ्या व चौथ्यास यमक. अशा चरणाचे चार-चार अक्षरांचे दोन भाग सहज पडतात. परंतु ‘संसार’, ‘मन’ आणि ‘घरोट’ यांचा प्रारंभ बोटांवर मोजून पाहावा. आधी दोन अक्षरांचा शब्द, मग तीन अक्षरांचा एकच शब्द लागोपाठ दोनदा. त्या शब्दाचा पहिला उच्चार चौथ्या अक्षराशी न थांबता पाचव्यावर जातो, मधला विसावा मोडतो आणि चरण खुंट्यावरच्या हाताप्रमाणे पुढे ओढला जातो. ‘संसार’चा दुसरा चरण मात्र दोन, दोन, चार असा चालत मध्यावर क्षणभर टेकतो. ओढ आणि टेक यांची ही योजना कोण्या छंदःशास्त्र्याने शिकविलेली नव्हे. ती दळणाऱ्या हातातून आली, असे माझे स्पष्ट मत आहे.

भावही त्या गतीस साजेसा आहे. वैधव्याच्या आयुष्यातून करुण रसच पाझरेल ही अपेक्षा ‘संसार’ पुरी करीत नाही. तेथे चटका आधी आणि भाकर मागाहून, हा क्रम रडगाणे न गाता मान्य केलेला आहे, आणि संसारासच घरच्या माणसासारखी एकेरी हाक मारलेली आहे.

३ डिसेंबर १९५१ रोजी त्या निवर्तल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून निघाली. एके काळी अमळनेरास शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी त्याआधीच ‘स्त्रीजीवन’मध्ये अशाच घरगुती ओव्या संग्रहित केल्या, त्या रचणाऱ्या बायांची नावे मात्र त्या ओव्यांबरोबर आपल्यापर्यंत आलेली नाहीत.