श्रवणयंत्र कपाटात नव्हे, कानात हवे

प्रौढ व्यक्तीने श्रवणयंत्र खरेदी केले की उपचार पूर्ण झाला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः खरा उपचार तेथून सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील श्रवणविषयक अहवालानुसार, ज्यांना श्रवणयंत्राचा लाभ होऊ शकतो, त्यांच्यापैकी केवळ १७ टक्के व्यक्ती ते वापरतात. शिवाय यंत्र घेऊनही ते कपाटात ठेवून देणारे अनेक असतात.

यंत्र नकोसे का वाटते?

वाढत्या वयात बहुधा उच्च कंपनसंख्येचे ध्वनी आधी क्षीण होतात. स्वर ऐकू येतात. मात्र स, श, फ, थ यांसारखी व्यंजने निसटतात. म्हणूनच ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार ऐकू येते. हा ऱ्हास वर्षानुवर्षे सावकाश होत असल्याने मेंदू त्या शांततेला सरावतो. यंत्र लावताच पंख्याची घरघर, भांड्यांचा आवाज, कागदाची सळसळ हे सारे एकदम कानी येते. स्वतःचा आवाजही घुमल्यासारखा वाटतो. चष्मा लावताच स्पष्ट दिसते, तसे येथे घडत नाही. नको ते आवाज मागे सारून बोलणे वेचण्याचा सराव मेंदूला पुन्हा करावा लागतो आणि त्यास काही आठवडे, क्वचित महिनेही लागतात. यंत्र अधूनमधून लावल्यास हा सराव घडत नाही.

सवय कशी लावावी?

आरंभी घरात, शांत खोलीत एकाच व्यक्तीशी बोलावे. यंत्र लावण्याचा वेळ रोज थोडा वाढवत जागेपणीचा बहुतेक काळ ते कानात राहील, असे पाहावे. त्यानंतर दूरदर्शन, कुटुंबातील गप्पा आणि शेवटी बाजार, भजन, लग्नसमारंभ असा क्रम ठेवावा. कोणते आवाज खुपतात, कोठे शब्द कळत नाहीत, याची नोंद ठेवून ती श्रवणतज्ज्ञांना दाखवावी. यंत्राची जुळणी पहिल्याच भेटीत अचूक होतेच असे नाही. फेरभेटी आवश्यक असतात.

कुटुंबीयांचे साहाय्य

घरच्यांनी समोर बसून, उजेडात, संथपणे बोलावे. ओरडल्याने शब्द अधिकच विकृत होतात. न समजलेले वाक्य निराळ्या शब्दांत सांगावे. ‘जाऊ दे, काही नाही’ या उत्तराने मात्र ती व्यक्ती संभाषणातून, आणि हळूहळू घरातूनच, बाजूला पडते.

निगा

कोकण-गोव्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, यंत्र रात्री आर्द्रता शोषणाऱ्या डबीत ठेवावे. स्नानापूर्वी ते काढावे. झिंक-एअर बॅटरीवरील चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून ती बसवावी. यंत्र शिट्टी वाजवत असल्यास ते नीट बसले आहे का, कानात मळ साचला आहे का, हे तपासून घ्यावे. कान दुखणे किंवा वाहणे, तसेच अकस्मात ऐकू येईनासे होणे, अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे विनाविलंब जावे.

अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांना केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून (२०१७) श्रवणयंत्र विनामूल्य मिळू शकते. ते मिळाल्यावरही सवयीचा हा काळ टळत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातील त्रासावरून यंत्र निरुपयोगी ठरवू नये. ते बाजूला ठेवण्यापूर्वी श्रवणतज्ज्ञांची एक फेरभेट अवश्य घ्यावी.