टिळकांचे पथ्य आणि टेकडीची वाट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सीताबर्डीहून धंतोली ओलांडली की काँग्रेसनगर लागते. १९२० च्या डिसेंबरात नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याची आठवण या नावात आहे. त्या मंडपात लोकमान्य टिळक नव्हते. १ ऑगस्टलाच मुंबईत, सरदारगृहात, त्यांचे निधन झाले होते. ते गेले तापाने. पण कित्येक वर्षे त्यांना मधुमेह होता, हे फारसे सांगितले जात नाही. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी हा आजार सांभाळला तो पथ्यावर, सातूच्या पिठावर. ‘गीतारहस्य’ लिहिले गेले ते याच पथ्याच्या दिवसांत.

पथ्याखेरीज तेव्हा हाती होते तरी काय? इन्शुलिन टोरांटोत सापडले १९२१ मध्ये. ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिले इंजेक्शन दिले. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. औषध अधिक शुद्ध करून बारा दिवसांनी पुन्हा दिले आणि मरणाच्या दारातला मुलगा सावरला. पुढे तो तेरा वर्षे जगला.

रोगी जगू लागले, तशी दुसरीच दुखणी पुढे आली. पंधरा-वीस वर्षांनी कुणाची नजर जाई, कुणाची मूत्रपिंडे, कुणाच्या पायातली जाणीव. साखर आवरली तर हे टळते का, यावर डॉक्टरांत कित्येक दशके वाद होता. अमेरिका-कॅनडातील १,४४१ रुग्णांवरच्या चाचणीने १९९३ मध्ये तो मिटवला. साखर कसोशीने आटोक्यात ठेवणाऱ्यांत डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी कमी भरला. ते रुग्ण इन्शुलिनवरच जगणारे. आपल्याकडे बहुतेकांना मोठेपणी जो मधुमेह होतो, त्याबद्दल १९९८ मध्ये ब्रिटनमधील चाचणीने तशीच ग्वाही दिली. रक्तदाबही आवरला पाहिजे, हेही दाखवले.

आता पायांचे. भर मे महिन्यात टेकडीच्या गणपतीला अनवाणी जाण्याची हौस पुष्कळांना असते. देव काही चपलांवर रागावत नाही! जाणीव गेलेला तळवा तापलेल्या फरशीवर भाजतो आणि कळतसुद्धा नाही. फोड फुटतो, जखम चिघळते, प्रसंगी पाय कापावा लागतो. म्हणून रात्री निजण्यापूर्वी तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून, नाहीतर नातवाला दाखवून. वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने तपासावीत, आणि डोळ्यांचा पडदाही. चष्म्याचा नंबर काढून आणला म्हणजे पडदा तपासला, असे मात्र नव्हे.