ड्रॅग शर्यतीत गाडी किती आरपीएमवर सोडावी?

निफाड - हिवाळ्यात राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचे नाव हमखास असते. तालुक्यातील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांखाली उतरल्याची नोंद अनेकदा होते. द्राक्ष बागायतदारांची झोप उडविणारी ही थंडी मोटारीच्या इंजिनाला मात्र मानवते. पाच अंश तापमानाची हवा पस्तीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के अधिक दाट असते. इंजिनाला तेवढा जास्त प्राणवायू मिळतो आणि शक्ती वाढते. पण त्याच पहाटे डांबर आणि टायरही गारठलेले असतात. त्यांची पकड घटते. ड्रॅग शर्यतीत गाडी किती आरपीएमवर सोडावी, याचे उत्तर शक्ती आणि पकड यांच्या या ओढाताणीत आहे.

ड्रॅग शर्यत म्हणजे उभ्या गाडीने सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर अंतर कमीत कमी वेळात कापणे. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळील अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर २०१० च्या दशकात ‘द व्हॅली रन’ या नावाने अशा शर्यती झाल्या. तेथे जाणाऱ्या प्रत्येक चालकाला पहिल्या काही मीटरचे गणित सोडवावे लागते.

इंजिन, क्लच आणि टायर

सर्वसाधारण मोटार पहिल्या गिअरमध्ये ४००० आरपीएमला ताशी ३० किलोमीटरच्या आसपास धावते. सुटण्याच्या क्षणी मात्र तिचा वेग शून्य असतो. ही तफावत कोणीतरी सोसावीच लागते. एकतर क्लच घसरतो, नाहीतर टायर. आरपीएम फार कमी असेल तर इंजिन दबते आणि गाडी रखडते. फार जास्त असेल तर चाके जागच्या जागी फिरतात, धूर निघतो, पण गाडी पुढे सरकत नाही. टायर किंचित घसरत असताना, म्हणजे साधारण दहा ते वीस टक्के, त्याची पकड सर्वाधिक असते. ही स्थिती साधणारा आकडा हाच त्या गाडीचा योग्य आरपीएम.

आपल्याकडील बहुतेक छोट्या मोटारींची पुढची चाके ओढणारी असतात. गाडी झेपावताच भार मागे सरकतो आणि नेमकी हीच चाके हलकी होतात. अशा गाडीला संयमित आरपीएम लागतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला या भाराचा फायदा मिळतो. चारही चाकांना शक्ती पुरविणारी गाडी अधिक आरपीएम पेलते. परंतु तिथे टायर घसरत नसल्याने सगळा मार क्लच आणि गिअरबॉक्सवर बसतो. डिझेल गाडीचा जोर कमी आरपीएमलाच मिळत असल्याने तिचा आकडा पेट्रोल गाडीपेक्षा खाली असतो.

आकडा कसा शोधावा?

साध्या टायरच्या, पुढच्या चाकांच्या पेट्रोल गाडीसाठी २५०० आरपीएमपासून सुरुवात करणे सुरक्षित ठरते. तेथून दर वेळी २५० ने वाढवीत जावे. प्रत्येक आकड्यावर किमान तीन फेऱ्या घ्याव्यात. दरम्यान टायरमधील हवेचा दाब बदलू नये आणि क्लच थंड होऊ द्यावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, अन्यथा फरक कशामुळे पडला हे कळत नाही.

पूर्ण शर्यतीच्या वेळेपेक्षा पहिल्या ६० फुटांची, म्हणजे सुमारे १८ मीटरची वेळ पाहावी. पुढील गिअर बदलताना झालेल्या चुका तीत मिसळत नाहीत. ही वेळ घटत जाऊन पुन्हा वाढू लागली, की त्याआधीचा आकडा आपला मानावा. क्लच एकदम सोडू नये. तो पकडू लागतो त्या बिंदूपर्यंत झटकन आणावा, चाकांनी पकड घेताच पूर्ण सोडावा आणि मग अ‍ॅक्सिलरेटर दाबावा.

आकडा वाढविण्याची किंमतही ध्यानात घ्यावी. फ्लायव्हीलमधील ऊर्जा आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३००० ऐवजी ४००० वर गाडी सोडली, तर ती सुमारे पावणेदोन पट होते. जळलेल्या क्लचचा वास हा त्याचाच पुरावा. शिवाय गारठलेल्या पहाटे सापडलेला आकडा दुपारच्या उन्हात चालेलच असे नाही. तो पुन्हा तपासावा लागतो.

हा शोध रस्त्यावर नको

निफाड तालुक्यात ओझरची लांबलचक धावपट्टी आहे, पण ती विमानांसाठी. मग मोकळा दिसणारा महामार्ग तरुणांना खुणावतो. त्याच रस्त्यांवरून लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजार समित्यांकडे कांद्याचे ट्रॅक्टर जात असतात. अनेकदा ट्रॉलीला मागचा दिवाही नसतो. ४०२ मीटरच्या शेवटी गाडीचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो आणि थांबायला पुढे बरेच अंतर लागते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक ठिकाणी विनापरवानगी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. योग्य आरपीएम शोधायचा तो बंदिस्त धावपट्टीवर, हेल्मेट घालून आणि रुग्णवाहिका उभी असतानाच. सेकंदाचा दहावा भाग वाचविण्यासाठी कोणाचा जीव पणाला लावणे कोणत्याही गणितात बसत नाही.