२ नोव्हेंबर २००१ : सार्वजनिक धूम्रपानावर सर्वोच्च न्यायालयाचा चाप

मुंबईचे माजी महापौर आणि काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने या दिवशी देशभर लागू होणारा आदेश दिला. रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये, सभागृहे, रेल्वे आणि अन्य सार्वजनिक वाहनांत धूम्रपानाला बंदी झाली. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्याने दुसऱ्याच्या धुराने आजारी का पडावे, हा याचिकेचा साधा प्रश्न होता. न्यायालयाने तो राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काशी जोडला, हे या आदेशाचे मोठेपण.

दिल्लीने १९९६ मध्ये, गोव्याने १९९७ मध्ये स्वतःचे कायदे केले होतेच. अमेरिकेतल्या फ्लोरिडात तर २००२ साली बंदिस्त कामाच्या जागांवरील बंदी मतदारांनीच कौल देऊन मंजूर केली. आपल्याकडे संसदेचा कायदा २००३ मध्ये झाला. २ ऑक्टोबर २००८ पासून खासगी कार्यालयेही बंदीच्या कक्षेत आली. दंड २०० रुपयांपर्यंत.

नागपूरच्या सक्करदऱ्यातील शासकीय आयुर्वेद महाविद्यालय हे रुग्णालयही आणि शिक्षणसंस्थाही. म्हणजे कायद्याचे दुहेरी कवच. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. आपल्या चौकातल्या टपऱ्यांचे अंतर कुणी मोजते का? मोजायलाच हवे. प्रत्येक सार्वजनिक इमारतीच्या फलकावर तक्रार कुणाकडे करायची त्याचे नाव लिहिणे बंधनकारक आहे. नाव दिसले नाही, तर विचारा.