रोशा तेल: नावांनी केलेला घोटाळा

सुगंधी तेलांवर संशोधन म्हटलं की आपली गाडी थेट 'तेल काढलं, जीसी-एमएस केलं, जिवाणूंवर तपासलं' इथे पोचते. त्याआधी रोशा गवताचा इतिहास वाचा.

१९व्या शतकात खानदेशात रोशा गवताचं तेल भट्टीवर काढलं जायचं. ते मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांत आणि पुढे तुर्कस्तानात जायचं. तिथे त्याची गुलाबाच्या अत्तरात भेसळ व्हायची. ती पचायची, कारण जिरॅनिऑल हे अल्कोहोल दोन्हींत असतं. चांगल्या रोशा तेलात तर ते साधारण ७५ ते ९० टक्के असतं.

व्यापारी या तेलाला 'जिरॅनियम ऑइल' म्हणत. जिरॅनियमच्या झाडाशी त्याचा काही संबंध नव्हता. १८७१ साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने भारतीय गवताच्या याच तेलातून हे अल्कोहोल शुद्ध स्वरूपात वेगळं केलं आणि नाव रूढ झालं जिरॅनिऑल. बाजारातलं चुकीचं नाव रसायनशास्त्रात कायमचं बसलं!

गवताच्या शास्त्रीय नावातही गंमत आहे. सिंबोपोगॉन मार्टिनी मधला 'मार्टिन' म्हणजे जनरल क्लॉड मार्टिन. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात सैन्याबरोबर असताना त्याने 'बालाघाटा'तून या गवताचं बी गोळा केलं, असं रॉक्सबर्गने नोंदवलंय. धाराशिवकरांचे कान इथे टवकारणारच. पण थांबा! त्या काळी कर्नाटकातल्या घाटावरच्या पठारालाही बालाघाट म्हणत आणि लढाई म्हैसूरकडे होती. त्यामुळे हा आपलाच बालाघाट, असं प्रबंधात लिहू नका.

तिसरा घोटाळा सगळ्यात महागात पडणारा. रोशाचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. नुसतं बघून ते वेगळे ओळखणं अवघड. मोतियात जिरॅनिऑल भरपूर, सोफियात बरंच कमी. जिरॅनिऑल जिवाणू-बुरशीला रोखतं आणि कीटकांनाही दूर ठेवतं. मग कुणी नुसतं 'रोशा तेल प्रभावी आहे' लिहिलं, तर नेमकं कुठलं? दुसऱ्याने सोफिया घेऊन तोच प्रयोग केला, तर निकाल जुळणारच नाही.

म्हणून नमुना आणलात की आधी हर्बेरियमसाठी वाळवून ठेवा, जागा आणि तारीख लिहा, तज्ज्ञाकडून ओळख पक्की करा. तेलाचे घटक टक्केवारीसह द्या. जैविक चाचणी त्यानंतर. बाटलीवरच्या नावावर विश्वास ठेवला की काय होतं, ते जिरॅनिऑल दीडशे वर्षं सांगतंय.